घसरला म्हणायचं

फोन घरातच वाजला. जेवायला येतोस की मी जेवून घेऊ, एवढंच विचारायला अर्गिरोने स्ट्रातोसचा नंबर लावला होता. कानात रिंग जात होती, आणि थोड्या वेळाने तिच्या ध्यानात आलं की तीच रिंग बोळाच्या टोकाला, त्याच्या खोलीतही वाजते आहे. ओल्या हातांनीच ती तिकडे गेली. खोलीची खिडकी उघडी होती. पलंग आवरलेला होता. चादर चारी बाजूंनी गादीखाली खोचलेली, उशी मधोमध, आणि उशीवर फोन, थरथरत, आई आई असं दाखवत. तिने आपल्या फोनवरचं बटण दाबलं तेव्हा तो गप्प झाला. वर्षभर ह्या खोलीचं दार उघडलं की आधी वास यायचा, झोपेचा, सिगारेटचा, न धुतलेल्या केसांचा. आज नुसती हवा होती. समोरच्या इमारतीत प्रत्येक बाल्कनीला निळापांढरा झेंडा लावलेला होता, खालच्या रस्त्यावर सुट्टीची सामसूम होती, आणि त्या आवरलेल्या पलंगाकडे बघत अर्गिरो उभी राहिली. कुणीतरी कायमचं गाव सोडून गेल्यावर खोली अशी दिसते, असं तिच्या मनात आलं. असं मनात यायला नको होतं.

सकाळी तो तिच्याआधी उठला होता. ती स्वयंपाकघरात आली तर हा कॉफी करून उभा. आणि दाढी काढलेली. वर्षभराची दाढी. गाल आणि हनुवटी पांढरीफटक, पट्टी सोडल्यावर आतली कातडी दिसते तशी. कपाळ आणि नाक मात्र जुन्या रंगाचं. आज वर फुकट आहे, तो म्हणाला. कुठे वर, तिने विचारलं. खडकावर, राष्ट्रीय सुट्टी ना, तिकीट नाही आज. जाऊन येतो जरा. अथेन्समध्ये खडक म्हटला की तो एकच, वर पार्थेनॉनचं देऊळ असलेला, पण स्ट्रातोस कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंतसुद्धा जात नसे, म्हणून तिने पुन्हा विचारून घेतलं. मग जा, जा की, छान हवा आहे, जाकीट ने, असं काहीबाही बोलली. कप विसळून त्याने जागेवर ठेवला, वाकून तिच्या केसांवर ओठ टेकले आणि गेला. तो गेल्यावर ती चण्यांची सालं काढत बसली आणि आपण गुणगुणतो आहोत हे तिचं तिलाच ऐकू आलं. सुटला बाई एकदाचा, असं तिला वाटत होतं. इलेक्त्रा त्याला सोडून स्टुटगार्टला गेल्यापासून, त्याच सुमाराला तो जिथे नकाशे काढायचा ते ऑफिस बंद पडल्यापासून, ह्या मुलाने भिंतीकडे तोंड करून दिवस काढले होते, आणि आज तो दाढी करून, हसून, सूर्य बघायला बाहेर पडला होता. सगळी सकाळ ती खूश होती. आता त्या खुशीचीच तिला भीती वाटू लागली. कारण ही खुशी तिच्या ओळखीची होती. हिच्यात ती एकदा राहून आली होती.

मिनास तिचा थोरला भाऊ. जहाजावर होता. एका हिवाळ्यात तो पिरेआस बंदरात परत आला तो परत गेलाच नाही. आईच्या घरातल्या सोफ्यावर, भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. डॉक्टर म्हणाले अशक्तपणा, बाबा म्हणाले आळस, आणि आई काहीच न म्हणता त्याच्या उशाशी सूप ठेवायची आणि थंड झालेलं उचलून न्यायची. मग मे महिन्यातल्या एका रविवारी मिनास उठला. आंघोळ केली, दाढी केली, टेबलाशी येऊन बसला आणि दोनदा वाढून घेतलं. आईच्या हाताला चव आहे म्हणाला. अर्गिरोची वेणी ओढली. बाबांनी त्याला वाइन ओतून दिली, आणि जेवणं झाल्यावर तो जरा समुद्राकडे फिरून येतो म्हणून गेला तेव्हा आईने एप्रन तोंडाशी धरून आनंदाने रडून घेतलं. त्या दुपारचा तो आनंद. खिडकीतून येणारं ऊन, टेबलावरचे पावाचे तुकडे, बाबा चक्क शीळ वाजवताहेत. अर्गिरोला पुढचं फारसं आठवत नाही, पोलीस कधी आले, कोण काय बोललं, पण तो आनंद तासन्‌तास आठवतो, इतका खरा, इतका मूर्ख. समुद्राकडच्या खडकांवर तो शेवटचा दिसला होता. रात्री आईने सगळ्यांना एकत्र बसवलं आणि म्हणाली, घसरला म्हणायचं. खडक ओले होते, घसरला. नाहीतर पाद्रीबाबा माती द्यायचे नाहीत. ते पुढे घरातलं वाक्यच झालं. म्हणता म्हणता त्याचे कोपरे झिजले आणि ते खरं वाटू लागलं. अर्गिरोने नवऱ्याला तेच सांगितलं, आणि स्ट्रातोस लहान असताना भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारायचा तेव्हा त्यालाही. हा तुझा मिनासमामा. घसरून पडला बिचारा.

गॅस बंद करून, एप्रनवरच कोट चढवून, त्याचा फोन कोटाच्या खिशात टाकून ती निघाली. लिफ्टची वाट बघवेना म्हणून जिन्याने उतरू लागली आणि पहिल्या मजल्यावर शेजारीण फोतिनी भेटली, ठेवणीतल्या कोटात, ओठ रंगवून, हातात कागदी झेंडा. तिची नात आज शाळेच्या संचलनात झेंडा घेऊन पुढे चालणार होती आणि हे सगळ्या इमारतीला महिनाभर माहीत होतं. फोतिनीने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. कुठे निघालीस गं अशी, घराला आग लागल्यासारखी? अर्गिरो म्हणाली जरा पाय मोकळे करायला. एप्रन घालून का, फोतिनी म्हणाली, आणि मग तिला काहीतरी चांगलं सांगायचं असल्यासारखी जवळ आली.

"तुझा स्ट्रातोस भेटला सकाळी. दाढी काढली की त्याने. चेहरा आहे म्हणायचा त्याला." तिने अर्गिरोचा दंड दाबला. "आणि हसला गं माझ्याकडे बघून. काकू, नातीला शाबासकी सांगा म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा. मी म्हटलं बघ, आलं पोरगं माणसात."

अर्गिरो हो म्हणाली. कठड्याला धरून उरलेल्या पायऱ्या उतरली. फोतिनीने हे प्रेमाने सांगितलं होतं, आणि त्यातला शब्दन्‌शब्द तिच्याबरोबर खाली उतरला. हसला. शाबासकी सांगा म्हणाला. निरोप घेतल्यासारखं.

विक्टोरिया स्टेशनवर मेट्रोची गाडी जवळजवळ रिकामी होती. तिच्यासमोर एक बाई मांडीवर शेवंतीची जुडी घेऊन बसली होती आणि त्या फुलांचा कडवट, थंड वास डब्यात भरून राहिला होता. अर्गिरोने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. माणूस फोन विसरतो. पलंग आवरणं म्हणजे काही गुन्हा नाही; आवरत नव्हता तेव्हा आपणच बडबडत होतो. आणि खडकच का? समुद्र जवळ आहे, पूल आहेत, आपली गच्ची आहे. असले हिशेब आपण करतो आहोत हे जाणवून तिला शिसारी आली. पण मन ऐकेना. गच्चीवरून, कपडे वाळत घालायच्या तारांच्या आणि अँटेनांच्या मधून, तो खडक अंगठ्याच्या नखाएवढा दिसायचा, आणि गेल्या उन्हाळ्यात स्ट्रातोस दोन-तीनदा तिथे नुसता उभा असलेला तिला सापडला होता. काय बघतोस विचारलं तर काही नाही म्हणाला. एरवी तिने ते बघणंच मानलं नसतं. त्या दिशेला तोंड होतं एवढंच. पण आता तिला आठवलं की कॉलेजात असताना ह्याच मुलाने कितीतरी रविवार वर बसून खांबांची चित्रं काढली होती, आणि घरी आल्यावर जेवणाच्या टेबलावर काटे उभे धरून तिला आणि बापाला दाखवलं होतं: हे खांब सरळ नाहीत आई, सगळे जरासे आत कललेत, खूप खूप वर जाऊ दिले तर आभाळात एकमेकांना भेटतील. त्याचा बाप, अरिस्तिदिस, तेव्हा होता; तो म्हणाला होता की मग कंत्राटदाराने फसवलं म्हणायचं. किती हसले होते तिघं. ते हसणारे तिघं कुठल्यातरी दुसऱ्या घराण्यातले असावेत असं तिला वाटलं. मोनास्तिराकी आलं तेव्हा ती दाराशी आधीच उभी होती.

खडकाखालच्या प्लाकातल्या गल्ल्यांतून चढताना तिचा डावा गुडघा बोलू लागला. ऑक्टोबर संपत आला होता तरी ऊन उन्हाळ्याचं होतं, संत दिमित्रिओसच्या सणाच्या सुमाराला दरवर्षी परत येतं तसं. कोटाच्या आत घाम येत होता आणि एप्रन पोटऱ्यांत अडकत होता, पण कोट काढायला ती थांबली नाही. खालून, संचलनाच्या बाजूने, ढोलाचा आवाज वाऱ्याबरोबर येत होता आणि विरत होता. माणसंच माणसं. बाबागाड्या, काठ्या, खांद्यावर बसलेली पोरं, तीळ लावलेल्या पावाची कडी खात चाललेली कुटुंबं. आज सगळं शहर वर निघालं होतं. रांग फाटकापासून वळण घेऊन पाइनच्या झाडांखाली पसरलेली होती, आणि ती रांगेच्या कडेने पुढे घुसू लागली तेव्हा टोपी घातलेल्या एका म्हाताऱ्याने काठी आडवी केली.

"बाई, अडीच हजार वर्षं थांबलंय ते. तुमच्यासाठी अजून थोडं थांबेल."

रांगेतली माणसं हसली. म्हाताऱ्याची बायको त्याला गप्प करू लागली, पण त्याला रंग चढला होता. एरवी कुणी इकडे फिरकत नाही म्हणाला, आणि फुकट म्हटलं की सगळेच हे बांधणाऱ्या पेरिक्लीसचे नातू. अर्गिरोने त्याला सांगितलं की तिला काही बघायचं नाहीये, तिचा मुलगा वर आहे. केवढा आहे, हरवलाय का, बायकोने काळजीने विचारलं. चौतीस वर्षांचा, असं अर्गिरोने म्हटलं आणि पुन्हा हसू पसरलं. मग त्या बाईने तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. तिला काय दिसलं कोण जाणे. तिने नवऱ्याची काठी हाताने खाली केली आणि अर्गिरोला आपल्या पुढे घातलं, आणि पुढच्यांच्या खांद्याला स्पर्श करून, ह्यांना जाऊ द्या, ह्यांना जाऊ द्या, असं हळू आवाजात सांगत राहिली. खिडकीशी पोचल्यावर कळलं की फुकट असलं तरी तिकीट घ्यावंच लागतं. आत बसलेल्या मुलीने शून्य छापलेला कागद फाडून तिच्या हातात दिला. तेवढ्या वेळातसुद्धा अर्गिरो फाटकाच्या पलीकडे बघत होती, उतरून येणाऱ्या प्रत्येक तोंडाकडे. एकही तोंड दोन रंगांचं नव्हतं.

वरच्या पायऱ्या संगमरवरी होत्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या पावलांनी साबणासारख्या गुळगुळीत झालेल्या. ती इथे आयुष्यात एकदाच आली होती, शाळेच्या सहलीला, चामड्याच्या तळाचे नवे बूट घालून. बाई सांगत होत्या ते काही ऐकू आलं नव्हतं, सगळं लक्ष पायांकडे होतं. आजही तसंच. पाऊल आडवं टाकायचं, वजन हळू सोडायचं. दोन्ही बाजूंनी माणसं चढत होती, मध्येच थांबून फोटो काढत होती, आणि त्यांच्या कोपरांमधून आभाळाचे तुकडे दिसत होते. लवकर चढलं पाहिजे असं वाटत होतं आणि चढूच नये असंही वाटत होतं. जोवर ती पायऱ्यांवर होती तोवर काही झालेलं नव्हतं. मिनासच्या वेळी असा चढ कुणाच्याच वाट्याला आला नाही. ते सगळे टेबलाशी बसून होते, पावाचे तुकडे बोटांनी गोळा करत. कुणीतरी उठून त्याच्या मागे गेलं असतं तर, हा प्रश्न त्या घरात कुणी कधी विचारला नाही, कारण घसरणाऱ्याच्या मागे कोण कशाला जाईल? खोट्याचा तो फायदा होता. आईने पाद्रीबाबांसाठी ते वाक्य रचलं असं सगळे समजत होते. आईने ते स्वतःसाठी रचलं होतं, हे अर्गिरोला इथे, ह्या पायरीवर, गुडघा धरून उभी असताना पहिल्यांदा दिसलं.

मोठ्या दरवाज्याच्या खांबांतून ती बाहेर आली आणि वारा एकदम अंगावर आला. समोर उघडा, उंचसखल खडक, उजवीकडे पार्थेनॉन, त्याच्या कुशीतली क्रेन आणि लोखंडी परांच्या, आणि सगळीकडे माणसं, पांढऱ्या उन्हात काळी काळी. शिट्ट्या वाजत होत्या. कुणी दगडाला हात लावला, कुणी दोरी ओलांडली, कुणी पडलेल्या खांबावर बसलं की पहारेकरी शिट्टी फुंकत. जरा जरा वेळाने इकडून तिकडून ती टोचणारी किंकाळी. प्रत्येक शिट्टीला अर्गिरोचं तोंड त्या बाजूला वळत होतं. ती भिंतीच्या कडेने निघाली. मधली गर्दी तिने बघितलीच नाही, देवळाकडे तर एकदाही मान वळवली नाही. तिचे डोळे फक्त कठड्यालगतच्या पाठी तपासत होते. राखी जाकीट. राखी जाकिटं किती होती. एकाच्या खांद्याला हात लावला तर परका चेहरा वळला. दुसरा तिच्यापासून दूर सरकला. कठड्यापलीकडे शहर पांढऱ्या खरकट्यासारखं समुद्रापर्यंत सांडलेलं होतं आणि तिला खाली बघायचं नव्हतं, आणि ती दर थोड्या पावलांनी खाली बघत होती.

मग दक्षिणेकडून एक बाई ओरडली. खरी ओरड होती ती. माणसं तिकडे धावली, दोन शिट्ट्या एकदम वाजल्या. अर्गिरो धावत नव्हती. ती चालतही नव्हती. गर्दीच तिला नेत होती. पुढच्या लोकांच्या पाठींची भिंत झाली होती. बोटं कोटाच्या खिशात फोनभोवती इतकी आवळली गेली होती की त्याची कड तळव्यात रुतली. एक पहारेकरीण हात पसरून लोकांना मागे सारत होती, आणि अर्गिरोने तिची बाही धरली. काय झालं? पहारेकरणीने न बघताच उत्तर दिलं.

"काही नाही मावशी. घसरलं कुणीतरी."

अर्गिरोने बाही सोडली नाही. तिच्या तोंडून शब्द आला तो तिला स्वतःलाच लांबून ऐकू आला. कोण? पहारेकरणीने आता तिच्याकडे पाहिलं आणि तिचा आवाज बदलला. एक परदेशी बाई आहे, ती म्हणाली, दगडावरून पाय सरकला, घोटा मुरगळला. तुम्ही बसता का जरा? पाणी देऊ? आणि गर्दी जराशी फाकल्यावर अर्गिरोला खरंच दिसली ती, लाल केसांची, खाली बसलेली, स्वतःचं पाऊल हातात धरून रडता रडता हसणारी. घसरली होती. माणसं खरोखरच घसरतात. अर्गिरोने मान हलवली, नको, पाणी नको, आणि पूर्वेच्या टोकाकडे, जिथे मोठा झेंडा उंच काठीवर फडफडत होता, तिकडे ती चालू लागली, कारण तेवढंच बघायचं राहिलं होतं.

तो तिथे होता. झेंड्याच्या चौथऱ्याजवळ, कठड्याला पाठ लावून खाली बसलेला, पाय पुढे सोडलेले, जाकीट मांडीवर. तोंड उन्हाकडे आणि डोळे मिटलेले. ती त्याच्यापासून थोड्या अंतरावर थांबली. त्याची छाती वरखाली होत होती ते तिने पाहिलं, पाहत राहिली, तान्हा होता तेव्हा पाळण्याशी उभी राहून बघायची तशी. मग त्याच्या तोंडावर तिची सावली पडली असावी. त्याने डोळे उघडले, आणि आधी त्याला कळलंच नाही. मग त्याने कोट पाहिला, कोटाखालून लोंबणारा एप्रन पाहिला, तिचं तोंड पाहिलं.

"तू माझ्या मागे आलीस."

फोन विसरलास, ती म्हणाली, आणि खिशातून काढून पुढे केला. तळव्यावर त्याच्या कडेचा लाल वळ होता. स्ट्रातोसने फोन घेतला नाही. फोन द्यायला इथवर चढलीस, त्या गुडघ्याने, त्याने विचारलं. ती म्हणाली फुकट होतं म्हणून आले, मलाही बघायचं होतं. बघितलंस का मग, त्याने विचारलं. आवाज चढला नव्हता त्याचा. रागावला असता तर बरं झालं असतं. तो तिच्याकडे असा बघत होता जसं कुणी उघड्या दारातून एखाद्या घरात बघावं.

"आई, मिनासमामा घसरला नव्हता ना?"

झेंड्याचा दोर काठीवर आपटत होता. जवळच एक कुटुंब फोटोसाठी उभं राहत होतं, कुणी कुठे उभं राहायचं यावर त्यांचं भांडण चाललं होतं. अर्गिरोला वाटलं की आपण आता ते वाक्य म्हणणार. ते जिभेवर आलंही, घरातल्या जुन्या भांड्यासारखं, हाताला सवयीचं. तिने कठड्याला हात टेकला आणि गुडघ्याची पर्वा न करता, एप्रन आवरत, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली.

"नाही. त्याने जीव दिला. दाढी करून, जेवून, आम्हा सगळ्यांशी गोड बोलून गेला."

आवाज तिचा होता पण त्याला सवय नव्हती ह्या शब्दांची, मधेच चिरकला. स्ट्रातोसने स्वतःच्या गालावर हात फिरवला फक्त. मग म्हणाला, दाढी खाजत होती आई. नुसती खाजत होती. आणि फोन विसरला नव्हता तो, मुद्दाम ठेवला होता. ती घराबाहेर असली की दर तासाला फोन करते आणि त्याला एक दुपार कुणाला उत्तर द्यायचं नव्हतं. ती हे ऐकून हसली की रडली ते तिलाही कळलं नाही. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं. त्याने जाकीट मांडीवर नीट घडी करायला घेतलं, आणि त्या घडीकडे बघतच म्हणाला की गेल्या वर्षी, ह्याच सुट्टीला, तो आला होता इथे. तेव्हाही फुकट होतं. ह्याच भिंतीशी.

"चढून बसलो होतो वर. किती वेळ कोण जाणे. मग शिट्टी वाजली. तो पहारेकरी ओरडला, ए, तिथे बसायचं नाही. आणि मी सॉरी म्हणून उतरलो." त्याचे ओठ वाकडे झाले. "शाळेत असल्यासारखा. सॉरी म्हणालो, आणि घरी आलो, आणि तू मसूर केली होतीस."

अर्गिरोला ती मसूर आठवेना. तिने खूप शोधलं, पण गेल्या वर्षीची ही सुट्टी तिच्या डोक्यात कुठेच नव्हती. एक साधा दिवस गेला होता. तिने वाढलं असणार, त्याने खाल्लं असणार, तिने भांडी घासली असणार. तिला संताप आला, असा की तिने त्याच्या दंडावर मूठ मारली. वर्षभर, ती म्हणाली, वर्षभर एका घरात राहून माझ्याशी बोलला नाहीस. आणि तू, तो म्हणाला, तू तर माझ्या जन्माआधीपासून बोलली नाहीस. मग आज कशाला आलास, तिने शेवटी विचारलं. हा प्रश्न विचारायला तिला इतका जोर लावावा लागला की पुढचं काही क्षण ऐकूच आलं नाही. त्याने सांगितलं ते त्याला नीट सांगता येत नव्हतं. रोज रात्री ही भिंत डोळ्यांसमोर यायची. गच्चीवरून दिसायची. बघू म्हटलं, दुपारी, माणसांत, ती केवढी आहे. आणि? अर्गिरोने विचारलं. स्ट्रातोसने मागे हात नेऊन कठड्याच्या दगडावर तळवा ठेवला. नुसती भिंत आहे, तो म्हणाला. पण म्हणून सगळं ठीक झालंय असं समजू नकोस. तसं मी म्हणत नाहीये.

खडक बंद व्हायची वेळ झाली तसे पहारेकरी शिट्ट्या वाजवत पूर्वेकडून माणसं हाकू लागले, आणि ती दोघं सगळ्यांबरोबर उतरली. पायऱ्यांवर तो तिच्या एक पायरी खाली, तिरका चालत होता. हात दिला नाही, पण तिचा तोल गेलाच तर मध्ये येईल असा. मोनास्तिराकीच्या चौकात भाजलेल्या चेस्टनटचा धूर पसरला होता, हातात कागदी झेंडे घेतलेली शाळकरी मुलं आयांच्या मागे रेंगाळत होती, आणि स्टेशनच्या दाराशी येऊन स्ट्रातोस थांबला. तू गाडीने जा, तो म्हणाला, मी चालत येतो. अर्गिरो काही बोलायच्या आत त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की हे तो सहज म्हणत नाहीये. तिच्या मनात हजार कारणं आली. गुडघा दुखतोय, सोबत हवी. अंधार लवकर पडतो आता. भूक लागली असेल. त्यातलं कुठलंही तिने म्हटलं असतं तर तो आला असता, डोळ्यांतलं सगळं बंद करून, गाडीत तिच्या शेजारी येऊन बसला असता. आणि परत त्या खोलीत गेला असता. तिने त्याचा फोन पुढे केला. या वेळी त्याने घेतला. मी फोन करणार नाही, ती म्हणाली. बरं, तो म्हणाला. ती वळली आणि सरकत्या जिन्यावर उभी राहिली, आणि जिना खाली नेत असताना मान मागे वळू नये म्हणून तिने समोरच्या माणसाच्या कॉलरीवरचा शिवणीचा धागा वाचल्यासारखा बघितला.

घरी आल्यावर तिने चणे शिजत लावले. खिडकीबाहेरचे झेंडे रंग सोडत गेले आणि मग नुसत्या काळ्या चिंध्या झाल्या. लिफ्ट कुरकुरत वर आली, तिच्या मजल्यावरून पुढे गेली. फोतिनीच्या घरातून टाळ्यांचा आवाज आला. नातीचं संचलन पुन्हा पुन्हा बघत असतील. लिफ्ट परत खाली गेली. टेबलावर तिचा फोन होता, आणि तिने तो उलटा करून ठेवला, मग त्यावर पंचा टाकला. त्याला चालत किती वेळ लागेल याचा अंदाज तिने केला आणि तो वेळ टळून गेला. आपण चूक केली. मिनासच्या वेळी बसून राहिलो आणि आज हातात आलेला सोडून दिला. ती उठली, कोट काढला होता तो पुन्हा घेतला, एक हात बाहीत घातला आणि तशीच उभी राहिली, अर्धी आत अर्धी बाहेर. जायचं कुठे, कुठल्या रस्त्याने? आणि तो आला आणि आपण दारात कोट घालून उभे दिसलो तर? तिने हात बाहीतून काढला. ही आतापर्यंतच्या आयुष्यातली सगळ्यात कठीण गोष्ट होती आणि दिसायला ती कोट खुंटीवर लावण्यासारखी होती.

जिन्यावर पावलं वाजली. लिफ्ट नाही, जिना. मधेच थांबली, दम खायला थांबतात तशी, पुन्हा वाजली. किल्ली फिरली. अर्गिरो ओट्याशी, पाठमोरी राहिली, त्याला बूट काढू दिले, बोळातून येऊ दिलं. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन थांबला तेव्हा त्याच्या कपड्यांना धुराचा आणि बाहेरच्या थंडीचा वास येत होता. जेवायला वाढू का, हे शब्द तिच्या तोंडात तयार होते. ते तिने गिळले.

"कसं वाटतंय तुला?" तिने विचारलं.

स्ट्रातोसने खुर्चीच्या पाठीवर दोन्ही हात ठेवले. चेहरा थकलेला होता, नव्या गालांवर ऊन लागून लाली आली होती.

"बरं नाही वाटत," तो म्हणाला.

तिने गॅस बंद केला, खुर्ची ओढली आणि त्याच्या समोर बसली.